चौदा मीटरवरचा झरा

"ते सगळं खरं, पण आग कुठाय?" अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं.

नीरजाने हसू आवरलं. तिचे वडील गणपतराव सुरवसे, म्हणजे अण्णा, यांनी सोलापूरच्या एका कापड गिरणीत चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. आगीशिवाय ऊब ही गोष्ट त्यांच्या गळी उतरवणं म्हणजे माशाला पाण्याशिवाय पोहायला शिकवण्यासारखंच होतं.

"आग नाहीच, अण्णा. ऊब जमिनीतून येणार."

"ह्या जमिनीतून?" त्यांनी बुटाचं टोक मातीवर आपटलं. टणत्कार झाला. सप्टेंबर नुकताच लागला होता, तरी वीतभर खाली माती गोठलेली होती. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार गं?"

लडाखच्या पूर्व पठारावरचं त्सालुंग हे चाळीस उंबऱ्यांचं गाव. उंची पावणेपाच हजार मीटर. गावाच्या टोकाला त्या उन्हाळ्यात उभं राहिलेलं दोन खोल्यांचं नवंकोरं घर हीच नीरजाची प्रयोगशाळा होती. सरकारी कागदांत त्याला 'नमुना घर' म्हणत. या घराने लाकूड, शेण, रॉकेल यांतलं काहीही न जाळता एक हिवाळा काढला, की पठारावर तशी तीनशे घरं उभी राहणार होती. हिवाळा कसाबसा काढणं पुरेसं नव्हतं. आत राहणारं माणूस सुखात राहिलं पाहिजे, अशी अट होती. नीरजाने आपल्या वडिलांनाच राहायला आणलं. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि सोलापुरात अण्णा एकटेच भिंतींशी बोलत बसायचे, हेही एक कारण होतं.

"आडात आहे, अण्णा," ती म्हणाली. "अगदी थोडं थोडं आहे. गोठलेल्या मातीतसुद्धा उष्णता असते. पोहरा एकदा टाकून भागत नाही, हजार वेळा टाकावा लागतो, एवढंच. मी जो द्रव वापरते तो उणे वीसलाच उकळतो. त्याच्या दृष्टीने ही जमीन म्हणजे पेटलेली चूल आहे. तो खाली जातो, उकळतो, त्याची वाफ होते. ती वाफ वर आणून दाबली की काय होईल?"

"तापंल," अण्णा पटकन म्हणाले. दाब आणि वाफ म्हटल्यावर ते परक्या मुलखात नव्हते.

"तापेल. ती ऊब घराला द्यायची आणि गार झालेला द्रव पुन्हा खाली सोडायचा. हा झाला भूताप पंप. तो जगात शंभर वर्षं आहे, त्यात माझं काही नाही. माझं आहे ते हे."

तिने काचेची बरणी त्यांच्या हातात दिली. आत चांदीच्या रंगाचा केसांसारखा गुंता होता. बरणीच्या एका बाजूला तिने तळहात टेकवला. अण्णा बघत राहिले. दोन-चार मिनिटांत गुंत्यातले काही केस सरळ झाले आणि हाताच्या दिशेने काचेला येऊन टेकले.

"आई गं!" अण्णांनी बरणी जवळजवळ टाकलीच. "जिवंत हाय व्हय हे?"

"नाही हो. याला मी ऊबमुळी म्हणते. झाडाची मुळं ओलाव्याकडे जातात ना, तशी ही उबेकडे जाते. टोकाला एवढंच कळतं, की या बाजूपेक्षा ती बाजू गरम. मग ते तिकडे वाढतं. द्रवातूनच तिला वाढायला माल मिळतो. दिवसाला वीतभर वाढते. आणि जिथे पोहोचते तिथली ऊब शोषून पंपाकडे आणते. तांब्याच्या हजारपट वेगाने."

"डोकं नाही हिला?"

"डोकं नाही. नुसती भूक आहे."

अण्णांनी बरणी डोळ्यांपुढे धरून फिरवली. "भूक आणि डोकं नाही," ते म्हणाले, "म्हंजे आमच्या गिरणीचा म्यानेजर."

घराशेजारी तीस मीटर खोल छिद्र पाडून त्यात ऊबमुळ्या सोडल्या. घराखाली जमिनीवर जाड ऊबरोधी थर पसरला होता, म्हणजे घरातली ऊब परत मातीत जाऊ नये. त्यावर दगडी फरशी. काम चोख झालं होतं. फक्त एक गोष्ट राहिली होती, ती अण्णांच्या हट्टाची.

"वास्तुशांत केल्याशिवाय मी ह्या घरात पाणी पिणार नाही."

सोलापूरहून गुरुजी मोबाईलवर अवतरले. गावातर्फे मुखिया, ज्याला तिकडे गोबा म्हणतात, तो रिगझिन हौसेने मांडी घालून बसला आणि प्रत्येक स्वाहाला जोरात "जुले", म्हणजे तिकडचा नमस्कार, म्हणाला. शेवटी वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरायची वेळ आली. नीरजाने एक फरशी काढली, ऊबरोधी थराला हातभर रुंद भोक पाडलं, खाली मातीत खड्डा केला. अण्णांनी प्रतिमा ठेवली, डोळे पुसले. मग तिने वरून माती आणि साधं सिमेंट लिंपलं. ऊबरोधी थराचा तुकडा पुन्हा कापून बसवायला तास गेला असता आणि पाहुणे जेवायचे खोळंबले होते. साठ चौरस मीटरच्या फरशीत हातभर भोक! हिशोबात त्याची किंमत शून्य पूर्णांक काहीतरी येत होती.

अण्णांनी त्याच कोपऱ्यात आपली गादी घातली. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन तिथेच येत होतं. पलंग त्यांनी चार दिवसांत नीरजाच्या खोलीत ढकलला. जन्मभर जमिनीवर झोपलेल्या माणसाला पलंगावर पालखीत बसल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

ऑक्टोबरमध्ये पंप सुरू झाला. नोव्हेंबरात बाहेर उणे अठरा झालं, तेव्हा घरात अठरा होते. गावातली माणसं येऊन भिंतींना हात लावून बघायची, चूल शोधायची. एका म्हातारीने पंपाच्या पेटीपुढे लोण्याचा दिवा लावला. नीरजाचा ऊर भरून आला होता, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

फक्त अण्णा खूश नव्हते. नीरजाने अठराचे वीस केले, विसाचे चोवीस केले. चोविसात ती स्वतः सुती कुडत्यात वावरत होती आणि अण्णा कानटोपी घालून बसलेले असत.

"गार लागलालंय," ते म्हणायचे.

"अण्णा, चोवीस आहे. सोलापुरात जानेवारीत पहाटे याहून कमी असतं."

"वरून नव्हं गं. खालून."

"खालून कसं लागेल? खाली ऊबरोधी थर आहे."

"मला काय म्हाईत तुझा थर. पाठीला लागलालंय. कुणी घागरीतलं पाणी ओतल्यावानी."

तिने फरशीवर तापमापक ठेवून दाखवला. दिवसा, ऊन असताना, गादी गुंडाळलेली असताना. वीस अंश. म्हातारपणी रक्त गार होतं, आई गेल्याचं दुःख अंगात मुरलंय, सवयीचा प्रश्न आहे, असं बरंच काही नीरजाने स्वतःला समजावलं. आपल्याच बापाचं सोडून बाकी सगळ्यांचं ऐकायची खोड शिकलेल्या लेकरांना असते, तशी तिलाही होती.

आणि मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिला झरा सापडला.

ऊबमुळ्यांचा प्रत्येक झुबका आपल्याला किती ऊब मिळते ते पंपाला कळवत असे. पडद्यावर एक उभी पट्टी होती. छिद्राच्या तोंडापासून मुळी किती लांब गेली आहे, तेवढ्या अंतरावर एक ठिपका दिसायचा आणि ठिपक्याशेजारी तापमान. एरवी सगळे ठिपके उणे एक, शून्य, फार तर तीन दाखवत. त्या सकाळी तिने रात्रीची नोंद उघडली आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. चौदा मीटरवरच्या ठिपक्यापुढे अकरा अंश लिहिलं होतं.

तिने यंत्र तपासलं. तारा तपासल्या. दुसऱ्या रात्री बारा अंश. आठवड्याने सोळा. गोठलेल्या जमिनीत, चौदा मीटर खोल, कुठून तरी गरम पाणी येत होतं! पठारावर गरम झरे आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्सालुंगच्या आसपास शंभर किलोमीटरमध्ये कुणी कधी ऐकला नव्हता. आणि हा झरा विचित्रही होता. तो रात्रीच यायचा. साडेनऊच्या सुमारास सुरू व्हायचा, पहाटे सहाला थांबायचा, आणि मधे दोनदा, पाच-सात मिनिटांपुरता, अचानक गार पडायचा. रोज.

"पृथ्वीचा श्वास," असं तिने त्याला वहीत नाव दिलं. दिवसा बर्फ सैल होतं, रात्री आवळतं, त्या दाबाने खालचं पाणी वर ढकललं जातं, अशी तिने उपपत्ती मांडली. ती बरीच देखणी होती. डिसेंबरातच लोसर, म्हणजे तिकडचं नववर्ष आलं. गोबाने अण्णांना आग्रहाने दोन दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं, छांग, म्हणजे जवाची दारू, पाजली, नाचवलं. नेमक्या त्याच दोन रात्री झरा गायब झाला. नीरजाचा जीव टांगणीला लागला. तिसऱ्या रात्री तो परत आला तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्या दोन दिवसांतला हवेचा दाब शोधून काढून अहवालात एक जादा परिच्छेद घातला.

अण्णा लोसरहून टवटवीत होऊन आले होते. "गोबाच्या घरात धूर हाय, ढेकूण हाय," त्यांनी जाहीर केलं, "पण झोप लागली बघ! पाठ शेकून निघाली."

"तिथं चौदा अंश असेल, अण्णा."

"असंल की."

जानेवारीत एक दिवस ते पंपाच्या पेटीला कान लावून बसलेले तिला दिसले. गिरणीत ते असेच काठीचं एक टोक पाइपाला आणि एक कानाला लावून बसत, हे तिने लहानपणी पाहिलं होतं.

"हे यंत्र दमलंय," ते म्हणाले.

"दमेल कसं? उलट आता त्याला सोपं झालंय. खाली गरम झरा मिळालाय."

"त्येच तर म्हणलालोय. एवढी आयती ऊब मिळाल्यावर यंत्रानं जरा दम खायला पायजे का नको? हे तर धापा टाकलालंय. पयल्या महिन्यात दिवसातनं धा तास चालायचं. आता बंदच होईना."

"बाहेर उणे सव्वीस आहे ना, म्हणून."

अण्णांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. चौतीस वर्षं बॉयलर न फुटू देणाऱ्या माणसाचं ते पाहणं होतं, पण नीरजा तेव्हा अहवालाच्या बत्तिसाव्या पानाची मांडणी करत होती. अहवाल दिल्लीला गेला. तीनशे घरांचा निर्णय फेब्रुवारीच्या मध्यावर व्हायचा होता.

फेब्रुवारी उजाडला तो कडाक्याची थंडी घेऊन. गोबाची सून डोल्कर दोन आठवड्यांपूर्वी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती. नीरजाने स्वतः जाऊन आग्रह केला, की बाळ-बाळंतिणीने तिच्या घरी यावं. गावातलं सगळ्यात उबदार घर, आणि नीरजा अण्णांच्या खोलीत खाट टाकून आपली खोली त्यांना देणार होती. गोबाला संकोच वाटला, मग आनंद झाला. डोल्कर आली. पलंग बघून ती हसली, आणि रीतीप्रमाणे तिने बाळाची जाड गादी फरशीवर घातली, भिंतीला लागून. भिंतीपलीकडे अण्णांचा कोपरा होता. अण्णा दिवसभर बाळाला हिरोबा, नाग्या अशी मुलग्यांची नसती नावं देऊन हाका मारत बसायचे. आठवडा मजेत गेला.

त्या मंगळवारी सकाळी अण्णा उठले नाहीत.

नीरजाने हाक मारली, मग खांदा हलवला. त्यांनी डोळे उघडले, पण ओळख पटल्यासारखं दिसेना. बोलायला लागले तर शब्द एकमेकांत अडकत होते. ओठ निळसर. तिने हात धरला आणि तो तिच्या हातातून जवळजवळ निसटलाच, इतका गार होता. चोवीस अंशांच्या खोलीत!

गोबाने जीप काढली. आरोग्य केंद्र पलीकडच्या खोऱ्यात, वीस किलोमीटरवर. वाटेत नीरजा अण्णांना छातीशी धरून बसली होती आणि तिला रडूही फुटत नव्हतं. गोबा बिचारा धीर द्यायचा म्हणून काहीबाही बोलत होता. तो नीरजाला अचे-ले, म्हणजे ताई, म्हणायचा आणि अण्णांना मेमे-ले, म्हणजे आजोबा.

"घाबरू नका, अचे-ले. मेमे-ले बरे होतील. तुमचं घर चांगलं आहे, लाभाचं आहे. आमचं बाळच बघा ना. घरी होतं तेव्हा रात्रभर किंचाळायचं. तुमच्याकडे आल्यापासून किती शांत झालंय! आता तर दुधालासुद्धा उठवावं लागतं."

नीरजाने मान हलवली. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

डॉक्टर झेहरा बानो तरुण होती आणि कमी बोलणारी होती. तिने अण्णांचं तापमान घेतलं, काच पुसून पुन्हा घेतलं. "साडेबत्तीस," ती म्हणाली. "रात्री बाहेर कुठे पडले होते?"

"बाहेर नाही. घरात. गादीवर."

"घरात आग नाही?"

"घरात चोवीस अंश असतात, डॉक्टर."

तिने अण्णांना कुशीवर वळवलं, सदरा वर केला, आणि दोन्ही हात त्यांच्या अंगावर ठेवले, एक छातीवर आणि एक पाठीवर. मग नीरजाचा हात धरून तिने तसाच ठेवायला लावला. छाती गार होती, पण माणसाची होती. पाठ मात्र बर्फावर ठेवलेल्या मटणासारखी लागली. खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी पांढरीफटक पडली होती.

"हे एका रात्रीचं नाही," झेहरा म्हणाली. "कित्येक आठवडे यांच्या पाठीतून कुणीतरी ऊब काढून घेतंय."

गरम पाण्याच्या पिशव्या, उबदार सलाईन, दोन रजया. तासाभराने अण्णांची जीभ सुटली. झेहराने प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि नीरजा दुभाष्याचं काम करू लागली.

"किती वाजता झोपता?"

"साडेनवाला."

"उठता?"

"सहाला. गिरणीची सवय हाय."

"मधे झोपमोड होते?"

"दोनदा. एकला आन् चारला. ह्या वयात होतंच की. जाऊन येतो, पाच-सात मिंटं."

नीरजाने हे भाषांतर केलं. साडेनऊ, सहा, मधे दोनदा, पाच-सात मिनिटं. शेवटचे शब्द उच्चारता उच्चारता ती अडखळली. हे वाक्य तिने आधी कुठेतरी लिहिलं होतं. अक्षर न् अक्षर लिहिलं होतं.

तिने मोबाईलवर नोंदी उघडल्या. चौदा मीटरवरचा झरा. रोज साडेनऊला सुरू, सहाला बंद. एकला खाच. चारला खाच. लोसरच्या दोन रात्री सपाट रेघ, कारण त्या दोन रात्री अण्णा गोबाच्या घरी, धुरात आणि ढेकणांत, सुखाने झोपले होते. मुळी चौदा मीटर लांब गेली होती, हे यंत्राने सांगितलं होतं. कुठल्या दिशेने, हे यंत्राला ठाऊकच नव्हतं. खाली गेली, हे नीरजाने ठरवलं होतं.

ऊबमुळीला डोकं नाही. या बाजूपेक्षा ती बाजू गरम, एवढंच तिला कळतं. गोठलेल्या पठारात, शेकडो मैलांत, सगळ्यात गरम वस्तू कुठली होती? खुद्द घर! तीस मीटर खोल जाण्याऐवजी मुळ्या सरळ वर वळल्या होत्या. ऊबरोधी थराला एकच भोक होतं, हातभर रुंद, आग्नेय कोपऱ्यात. तिथून झिरपणाऱ्या उबेचा माग काढत त्या शिरल्या, फरशीखाली पसरल्या, आणि घराचीच ऊब शोषून घराला परत देऊ लागल्या. म्हणून पंप धापा टाकत होता. त्याच फरशीवर, त्याच भोकावर, रोज रात्री सदतीस अंशांचा एक माणूस येऊन आठ-साडेआठ तास निपचित पडत होता. त्याहून चांगला झरा त्यांना कुठे मिळणार होता? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. नीरजाने तर तो वळसा मोजून दिल्लीला कळवला होता. बत्तीस पानांत तिने आपल्या बापाच्या झोपेचा आलेख काढला होता, आणि बाप रोज सांगत होता, की खालून गार लागतंय.

"अण्णा," ती म्हणाली. तिने सगळं सांगितलं. अण्णा रजईतून डोळे मोठे करून ऐकत होते.

"म्हंजे मी झरा व्हय?" ते शेवटी म्हणाले. त्यांना हसू आलं, खोकला आला. "तुझ्या आईनं ऐकलं असतं तर... ती म्हणायची, ह्या माणसाच्या अंगात ऊबच नाही."

नीरजा हमसून हमसून रडली. झेहराने तिच्या पाठीवर हात ठेवला. गोबाला मराठी कळत नव्हती, तो दारात गोंधळून उभा होता. तेवढ्यात मोबाईल वाजला. दिल्लीचा संदेश होता: अभिनंदन, झऱ्याच्या शोधामुळे तीनशे घरांना मंजुरी. नीरजाने तो संदेश बाजूला सारला, आणि त्यामागे उघडी राहिलेली पट्टी तिला पुन्हा दिसली.

चौदा मीटरवरचा ठिपका विझलेला होता. साहजिकच होतं, अण्णा इथे होते.

सोळा मीटरवर दुसरा ठिपका होता.

तो आताचा, या क्षणीचा होता. सव्वीस अंश. तिने नोंद मागे सरकवली. सहा दिवसांपूर्वी सुरू झालेला. दिवसाही आणि रात्रीही. दर दोन तासांनी थोडा वेळ गार पडत होता, कुणीतरी उचलून छातीशी धरावं इतका वेळ. आणि कालपासून त्या खाचा विरळ झाल्या होत्या. दुधालासुद्धा उठवावं लागतं.

"रिगझिन-ले!" ती किंचाळली. "डोल्करला फोन लावा! बाळ खाली आहे! बाळाला उचलायला सांगा!"

गोबाला काहीच उमगलं नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. नीरजाचं बोट पंप बंद करण्याच्या खुणेवर होतं.

"बंद करू नको!" अण्णा गादीवरून उठायला धडपडत ओरडले. "पंप थांबला तर त्या मुळ्या ऊब वर आणायच्या बंद होतील, खाली न्यायच्या बंद होणार नाहीत! तीस मीटर बर्फात ओढून नेतील सगळी! आधी पोरीला उचला!"

ते अगदी खरं होतं. उष्णता गरमकडून गारकडे जाते, तिला पंपाची गरज नसते. नीरजाने बोट मागे घेतलं.

"हॅलो?" डोल्करचा आवाज आला.

"डोल्कर, बाळाला उचल. फरशीवरून उचल."

"झोपलंय, अचे-ले. किती छान झोपलंय. गाल पण गरम आहेत."

"गाल नको बघू! पाठीखाली हात घाल!"

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. पावलं. कापडाची सळसळ. मग डोल्करच्या तोंडून एक शब्द निघाला, लडाखीतला, नीरजाला न कळणारा, आणि गोबा दाराची चौकट धरून मटकन खाली बसला.

पडद्यावरचा सोळा मीटरवरचा ठिपका सव्वीसवरून विसावर आला, विसावरून अकरावर, आणि विझला.

नीरजाला दोन अर्थ ठाऊक होते. आई बाळाला उचलते तेव्हा ठिपका असाच विझतो, आणि बाळाच्या अंगातली ऊब संपते तेव्हाही. यंत्राला त्यातला फरक कळत नव्हता, आणि तिला तो कळायला दुसरा मार्ग नव्हता. फोनमधून काहीच येत नव्हतं. अण्णांनी नीरजाचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की त्या गार बोटांत एवढं बळ कुठून आलं हे तिला समजेना.

"डोल्कर," ती म्हणाली. "तिला कपड्याच्या आत, तुझ्या अंगाला लाव. चोळ. पाठ चोळ. बोल ना काहीतरी!"

हातांचा, कापडाचा, धापांचा आवाज येत राहिला. किती वेळ गेला ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. आणि मग त्या आवाजांच्या मधून एक बारीक कुरकुर आली, थांबली, पुन्हा आली, चिडली, आणि फोन फाटेल असं रडणं सुरू झालं.

गोबा जमिनीवर बसल्या जागी ओक्साबोक्शी रडू लागला. नीरजा फोनवर ओरडून सांगत होती, की घराबाहेर पड, गोबाच्या घरी जा, बुखारीच्या शेगडीपाशी बस, कशालाही थांबू नको. डोल्कर हो हो म्हणत होती आणि मधेच त्या पोरीला गप्प करायला गुणगुणत होती.

"गप करू नको म्हणावं," अण्णा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "रडू दे तिला. चांगलं मोठ्यानं रडू दे."

नीरजाने ते हिंदीत करून डोल्करला सांगितलं.